तोफा घेऊन आलेली मागणी

एडिंबराजवळच्या मसलबराला बस एस्क नदीच्या पुलावरून जाते तेव्हा उजव्या-डाव्या बाजूला बघत राहिलं तर एक जुना दगडी पूल दिसतो, कमानींचा, आता फक्त चालणाऱ्यांसाठी. लोक त्याला रोमन पूल म्हणतात पण तो एवढा जुना नाही. मी एडिंबरात राहायला आल्यावर पहिले सहा-सात महिने त्या पुलाकडे नुसती बघत होते, शनिवारी सकाळी त्यावर कुत्रे फिरवणारी माणसं, खाली पाण्यात बदकं, बस इतकंच. मग एका रविवारी काही काम नव्हतं म्हणून उतरले आणि तिथून चालत इन्व्हरेस्कच्या चर्चच्या टेकडीवर गेले आणि पलीकडे पसरलेली शेतं, रेल्वेलाईन, नवी घरं बघत उभी राहिले. ह्याच शेतांत १० सप्टेंबर १५४७ ला, त्या दिवशी शनिवार होता, इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पिंकीची लढाई झाली. स्कॉटिश सैन्य त्या पुलावरून नदी ओलांडून इकडे आलं आणि त्यातले हजारो परत गेले नाहीत. स्कॉटलंडने त्या दिवसाला काळा शनिवार म्हटलं.

आणि ही लढाई कशासाठी होती तर एका लग्नासाठी. नवरा मुलगा इंग्लंडचा राजा, नऊ वर्षांचा, नवरी स्कॉटलंडची राणी, चार वर्षं नऊ महिन्यांची.

आईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तिला आधी कळेचना. ती सांगलीची, तिच्या डोक्यात मागणी म्हणजे चार जाणती माणसं येणार, चहा-पोहे होणार, मग मुलीकडचे म्हणणार कळवतो. ती म्हणाली, "अगं मागणी घालायला आले होते का दरोडा घालायला?" मला तेव्हापासून तो प्रश्न सोडत नाहीये. कारण मी जितकं वाचत गेले तितकं असं वाटायला लागलं की त्या माणसाला, म्हणजे ज्यानं हे सगळं केलं त्या इंग्लंडच्या कारभाऱ्याला, सॉमरसेटला, मनापासून वाटत होतं की आपण मागणीच घालतोय.

थोडं मागे जायला लागेल. नोव्हेंबर १५४२ मध्ये सॉलवे मॉसला स्कॉट लोकांचा पराभव झाला आणि तीन आठवड्यांत त्यांचा राजा पाचवा जेम्स फॉकलंडच्या राजवाड्यात अंथरुणावरच गेला. सहा दिवसांपूर्वी लिनलिथगोला त्याला मुलगी झाली होती, मेरी. म्हणजे सहा दिवसांचं बाळ राणी झालं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला पाच वर्षांचा मुलगा होता, एडवर्ड. हेन्रीनं हिशोब केला की ह्या दोघांचं लग्न लावलं की स्कॉटलंड आपोआप घरात आलं, आणि फ्रान्सला इंग्लंडच्या मागच्या दारानं घुसायची सोय कायमची बंद. कारण फ्रान्स आणि स्कॉटलंडची दोस्ती १२९५ पासूनची, इंग्लंडनं फ्रान्सवर स्वारी केली की उत्तरेकडून स्कॉट उतरणार हे ठरलेलं. जुलै १५४३ मध्ये ग्रिनिचला करार झाला, लग्न ठरलं. आणि डिसेंबरमध्ये स्कॉटिश पार्लमेंटनं तो मोडला.

मोडायला कारणं होती. हेन्रीचं वागणं सोयऱ्यासारखं नव्हतंच, मालकासारखं होतं. पण लग्न मोडल्यावर त्यानं जे केलं ते भयंकर आहे. मे १५४४ मध्ये त्यानं समुद्रामार्गे फौज पाठवली, हुकूम असा की एडिंबरा जाळा, त्याचं बंदर लीथ लुटा, आणि जिथे विरोध होईल तिथे बाई-माणूस-मूल न बघता आग आणि तलवार. सेनापती होता एडवर्ड सेमूर, छोट्या एडवर्डचा सख्खा मामा, पुढे हाच सॉमरसेट. त्यानं एडिंबरा जाळलं. पुढच्या वर्षी सीमेवरचे केल्सो, मेलरोझ, ड्रायबरा, जेडबरा हे मठ गेले. मेलरोझ मी पाहिलंय, गुलाबी दगडाचे ते भग्न खांब इतके सुंदर आहेत की लोक तिथे लग्नाचे फोटो काढतात.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. १५४४ मध्ये निघण्याआधी सेमूरनं हेन्रीला सुचवलं होतं की नुसतं जाळून परत येण्यात अर्थ नाही, लीथला किल्लेबंदी करून फौज ठेवू, लोकांना आपल्याकडे वळवू. हेन्रीनं ऐकलं नाही. ते शल्य सेमूरच्या मनात राहिलं असणार, कारण तीन वर्षांनी सगळी सत्ता हातात आल्यावर त्यानं पहिलं हेच केलं.

२८ जानेवारी १५४७ ला हेन्री गेला. मृत्युपत्रात त्यानं नऊ वर्षांच्या एडवर्डसाठी सोळा जणांचं मंडळ नेमलं होतं, सगळे सारखे, निर्णय बहुमतानं. बारभाईचा कारभार म्हणतो ना आपण, तसा. पण बारभाईत कुणी ना कुणी पुढे येतोच, इथे तीन दिवसांत मामा पुढे आला, राज्याचा संरक्षक झाला, लवकरच ड्यूक ऑफ सॉमरसेट. मार्चअखेर फ्रान्सचा पहिला फ्रान्सिसही वारला आणि त्याचा मुलगा दुसरा हेन्री गादीवर आला, तरुण, तापट, आणि मेरीची आई मेरी ऑफ गीझ हिच्या माहेरच्या माणसांच्या म्हणजे गीझ घराण्याच्या प्रभावाखालचा. म्हणजे दोन म्हातारे वैरी दोन महिन्यांत गेले, आणि त्यांचं वैर मागे राहिलं.

मला वाटतं इथे सॉमरसेटला थांबता आलं असतं. राजा मेला, मुलगा लहान आहे, तिजोरी रिकामी आहे, आपण चार वर्षं थांबू, असं म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण मेलेल्या माणसाची इच्छा म्हटली की कुणालाच पाय मागे घेता येत नाही, हे आपण घराघरांत बघतो, वडिलांनी सुरू केलेली कोर्टातली केस मुलं तीस वर्षं चालवतात कारण सोडली तर वडिलांचा अपमान. इथे तर एका देशाची पत होती. आणि शिवाय त्याचा स्वतःचा विश्वास होता की आपल्याला जमेल.

तर पिंकी. स्कॉट लोक एस्कच्या पश्चिम काठावर चांगल्या जागी होते, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, समोर नदी. तिथेच बसले असते तर इंग्रजांचं कठीण होतं. पण लहान राणीच्या वतीनं राज्य चालवणारा अर्ल ऑफ आरन यानं सकाळी नदी ओलांडली, आणि पूल ओलांडतानाच समुद्रातल्या इंग्रजी जहाजांच्या तोफा सुरू झाल्या. तरी पहिला इंग्रजी घोडदळाचा हल्ला स्कॉटिश भाल्यांच्या भिंतीवर आपटून फुटला, अठरा फुटी भाले, एकमेकांना चिकटून उभी माणसं. मग इंग्रजांनी जवळ जाणं सोडलं, तोफा, बंदुका, बाण लांबूनच चालू केले, आणि ती भिंत उभ्या जागी तुटायला लागली. एकदा तुटल्यावर पळापळ, आणि घोडदळ मागे. इंग्रजी फौजेबरोबर असलेल्या एका माणसानं लिहून ठेवलंय की प्रेतं शेतात अशी पसरली होती जशी भरल्या कुरणात गुरं चरताना दिसावीत. मी टेकडीवरून बघत होते तेव्हा खाली खरंच गुरं होती. त्यानंतर मी जास्त वेळ थांबले नाही.

स्कॉटिश सरदार हंटली त्या दिवशी पकडला गेला. त्याला विचारलं की आता लग्नाबद्दल काय म्हणणं आहे, तर तो म्हणाला असं सांगतात की लग्नाला माझी ना नाही, पण ही मागणी घालायची रीत मला पसंत नाही. पुढे शेकडो वर्षांनी ह्या सगळ्या युद्धाला रांगडी मागणी अशा अर्थाचं नाव पडलं ते ह्याच बोलण्यावरून. आईला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, मग म्हणाली, "बघ, त्याला मी म्हणाले तेच वाटलं."

आणि चार वर्षांची मुलगी? तिला स्टर्लिंगच्या किल्ल्यातून उचलून इंचमहोम नावाच्या एका तळ्यातल्या बेटावरच्या मठात नेऊन ठेवलं, काही आठवडे. मी गेले होते तिथे, छोटी होडी जाते, पाच-सात मिनिटांत बेट येतं. मोठाली जुनी झाडं, पडका मठ, आणि इतकी शांतता की स्वतःच्या पायाखालचं पान वाजलेलं ऐकू येतं. त्या मुलीला तिथे काय सांगितलं असेल, आपण इथे का आलोय? खेळायला?

आता सॉमरसेटची ती जुनी योजना. जिंकलेल्या मुलखात ठाणी बसवायची. ब्रॉटीचा किल्ला, फोर्थच्या खाडीतली बेटं, सीमेवर रॉक्सबरा, लॉडर, आणि सगळ्यात मोठं ठाणं हॅडिंग्टन, एडिंबरापासून पूर्वेला सतरा मैलांवर. तिथे नव्या इटालियन पद्धतीचे मातीचे बुरूज उठवले, जाड, बुटके, तोफगोळा आत रुतून बसेल असे. कल्पना अशी की दरवर्षी स्वारी करण्यापेक्षा कायमची फौज स्वस्त पडेल, आणि आसपासचे लोक इंग्रजांशी इमान राखायची शपथ घेतील, त्यांना संरक्षण मिळेल, हळूहळू मन वळेल. १५४८ च्या सुरुवातीला त्यानं स्कॉट लोकांसाठी एक पत्रक छापून वाटलं. त्यात तो म्हणतो की आम्ही तुम्हाला जिंकायला आलो नाही, आपण एकाच बेटावर राहणारे, एकच भाषा बोलणारे, चला दोघंही आपापली नावं बाजूला ठेवून ब्रिटन हे जुनं नाव घेऊ. १५४८ मध्ये हे म्हणणं साधं नव्हतं. ते त्याच्या काळाच्या पुढचं होतं, आणि ते त्यानं खरं मानून लिहिलं होतं असं मला वाटतं. म्हणूनच मला जास्त त्रास होतो. ज्याच्या घरावरून काल घोडे गेले त्याच्या हातात आज भावकीचं पत्रक ठेवायचं, आणि तो ते वाचून पुढे येईल असं मनापासून समजायचं. वाईट माणसानं केलेलं समजून घेता येतं, हा माणूस वाईट नव्हता.

शपथ घेणारे स्कॉट होतेही, काही नव्या धर्मविचाराचे म्हणजे प्रोटेस्टंट, काही जवळ ठाणं आहे म्हणून. पण ठाण्याच्या तोफेचा पल्ला जिथे संपतो तिथे शपथही संपत होती. आणि दोन्हीकडून मार त्यांनाच, इकडून आपले म्हणणार गद्दार, तिकडून इंग्रज म्हणणार धान्य द्या.

मग जून १५४८ मध्ये लीथला फ्रेंच फौज उतरली, हजारोंनी, आणि हॅडिंग्टनला वेढा पडला. त्या वेढ्याच्या धुमश्चक्रीतच, गावाबाहेरच्या जोगिणींच्या मठात, ७ जुलैला स्कॉटिश पार्लमेंट बसलं आणि ठरलं की मेरीचं लग्न फ्रान्सच्या युवराजाशी होणार, आणि बदल्यात फ्रान्सचा राजा स्कॉटलंडचं रक्षण आपल्या देशासारखं करणार. आरनला फ्रान्समधली जहागीर कबूल झाली. म्हणजे बघा, जे होऊ नये म्हणून इंग्लंडनं पाच वर्षं गावं जाळली, तेच त्यांच्या ठाण्याच्या तोफेच्या आवाजात कागदावर सही होऊन झालं. महिन्याभरात, ७ ऑगस्टला डंबार्टनहून फ्रेंच गलबतं मेरीला घेऊन निघाली. बरोबर तिच्याच वयाच्या चार मैत्रिणी, चौघींचंही नाव मेरी. इंग्रजी आरमार टाळायला पश्चिमेकडून गेली आणि आठवड्याभरात मुलगी ब्रिटनीच्या किनाऱ्याला लागली. नवरी गेली. सॉमरसेटचं धोरण खरं तर त्या दिवशीच संपलं होतं, पण तो पुढे वर्षभर लढत राहिला, आणि का, ह्याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात नीट मिळालेलं नाही.

हॅडिंग्टनला मी दोनदा गेले. बुरुजांचं आता काही दिसत नाही. पण टाईन नदीकाठी सेंट मेरी चर्च आहे, स्कॉटलंडमधल्या सगळ्यात मोठ्या गावचर्चपैकी एक, आणि त्या वेढ्यात त्याचं छप्पर गेलं. पुढे गावकऱ्यांनी पश्चिमेकडचा अर्धा भाग दुरुस्त करून मध्ये भिंत घातली आणि तिथे प्रार्थना सुरू केली, पूर्वेकडचा अर्धा तसाच उघडा, आकाशाखाली. किती दिवस? चारशे वर्षांहून जास्त. १९७० च्या दशकात तो बांधून पूर्ण केला. आत उभं राहून वर पाहिलं तर कमानींचं छत एकसारखं दगडी वाटतं, पण पूर्वेकडचं छत फायबरग्लासचं आहे, हे तिथल्या एका आजींनी मला सांगितलं. मग मला खांबांतला फरक दिसायला लागला. उघड्या भागातल्या खांबांचा दगड खाल्लेला आहे, कडा गोल झाल्यात, नक्षीची पानं साबणाची वडी झिजावी तशी गुळगुळीत, चारशे पावसाळ्यांची झीज. मी हात लावून बघितला. थंड आणि किंचित वाळूसारखा. सव्वा वर्षाचा वेढा, आणि त्याचं छप्पर टाकायला सव्वाचारशे वर्षं.

पैशाचं तर विचारूच नका. स्कॉटलंडच्या ह्या दोन-अडीच वर्षांवर सॉमरसेटनं सुमारे ५ लाख ८० हजार पौंड घातले असा इतिहासकारांचा हिशोब आहे, म्हणजे हेन्रीनं आधीच्या पाच वर्षांत घातले त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यातला बराच वाटा भाडोत्री जर्मन-इटालियन सैनिक आणि ठाण्यांचा. एवढा पैसा आणायचा कुठून तर टांकसाळीतून. चांदीच्या नाण्यात तांबं घालत गेले, हेन्रीच्या काळापासूनच सुरू होतं, ह्यानं चालू ठेवलं. नाण्यावर हेन्रीचा समोरून चेहरा, नाक सगळ्यात उंच, वापरून वापरून नाकावरची चांदी आधी उडायची आणि खालचं तांबं दिसायचं, म्हणून लोक त्या राजाला तांबडनाक्या म्हणायचे. पण बाजारात हसू नव्हतं, भाव वाढले, त्यात गावाच्या सामाईक कुरणांना जमीनदारांनी घातलेली कुंपणं, त्यात नवीन प्रार्थनापुस्तक, आणि १५४९ च्या उन्हाळ्यात पश्चिमेला डेव्हन-कॉर्नवॉल पेटलं आणि पूर्वेला नॉरफोकमध्ये केटचं बंड. स्कॉटलंडसाठी आणलेले भाडोत्री सैनिक इंग्लंडच्याच शेतकऱ्यांवर सोडावे लागले. आणि दुष्काळात तेरावा महिना, ८ ऑगस्टला फ्रान्सनं युद्ध पुकारलं आणि बूलोनवर चाल केली.

बूलोन म्हणजे हेन्रीचा जिवाभावाचा विजय, १५४४ मध्ये घेतलेलं फ्रेंच बंदर. १५४६ च्या तहात ठरलेलं की ते १५५४ पर्यंत इंग्लंडकडे राहील आणि मग २० लाख क्राऊन घेऊन परत द्यायचं. म्हणजे आता उत्तरेला ठाणी आणि दक्षिणेला बूलोन, धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय. सप्टेंबरमध्ये हॅडिंग्टन सोडलं, आत रोगराई होतीच. ऑक्टोबरमध्ये लंडनमधल्या मंडळानं सॉमरसेटविरुद्ध उठाव केला, त्यानं भाच्याला रात्रीतून हॅम्प्टन कोर्टवरून विंडसरला नेलं, आणि तिथे बारा वर्षांचा होत आलेला तो मुलगा म्हणाला की मला इथे कैदेत असल्यासारखं वाटतंय. काही दिवसांत मामा लंडनच्या टॉवरमध्ये, कैदेत.

त्याच्या जागी जॉन डडली आला, अर्ल ऑफ वॉरिक, पुढे नॉर्थंबरलंड. इतिहासाच्या पुस्तकांत हा पूर्वापार खलनायक, आणि सॉमरसेट भला ड्यूक. मी इथे पुस्तकांशी भांडायला तयार आहे. कारण लाज गिळून माघार घेणं ह्या वॉरिकनं केलं. २४ मार्च १५५० च्या तहात बूलोन परत, २० लाखांऐवजी ४ लाख क्राऊनवर, आणि स्कॉटलंडमधली उरलेली ठाणी सोडायची. लोकांना ते अपमानास्पद वाटलं, आजही काही लोक तसंच लिहितात. पण त्या कागदानं किती आया वाचल्या असतील ते कुठल्या पुस्तकात येणार. पुढच्या वर्षी सीमेचा तह झाला, आणि जिथे ना इकडचा कायदा ना तिकडचा अशी जी वादग्रस्त जमीन होती ती १५५२ मध्ये मधोमध वाटून घेतली, मातीचा बांध घालून. आपल्याकडे दोन भावांच्या शेतात घालतात तसा बांध. तो अजून आहे.

१५५१ मध्येच इंग्रज राजदूत फ्रान्सला एडवर्डसाठी मुलगी मागायला गेले. रीत म्हणून आधी मेरीलाच मागितलं. फ्रेंचांनी सांगितलं की त्या लग्नासाठी आम्ही फार त्रास काढलाय आणि फार माणसं गमावलीत, ते शक्य नाही. मग राजाची स्वतःची मुलगी एलिझाबेथ मागितली, सहा वर्षांची, हुंड्याची बोली पंधरा लाखांवरून घसरत दोन लाख क्राऊनवर आली. जुलैत ठरलं. तेही लग्न झालं नाही, एडवर्ड दोन वर्षांत गेला, सोळा पुरे व्हायच्या आत.

आई विचारत होती मग त्या दोघांची कधी भेट तरी झाली का. नाही झाली. पण एक भेट झाली तिच्याबद्दल मी तिला सांगितलं.

१५५१ च्या शरद ऋतूत मेरीची आई, मेरी ऑफ गीझ, फ्रान्सहून परत येत होती. वर्षभर ती मुलीजवळ राहिली होती. पहिल्या लग्नाचा एक मुलगा होता तिला, तो सप्टेंबरमध्ये तिच्या डोळ्यांसमोर वारला. मुलीला तिथेच ठेवून, मुलाला पुरून, ती जहाजात बसली आणि वादळामुळे इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला उतरावं लागलं. मग एडवर्डनं तिला लंडनला बोलावलं. ४ नोव्हेंबरला. तो चौदा वर्षांचा, ती छत्तिशीला आलेली. ज्या मुलीसाठी पिंकीच्या शेतात माणसं पडली तिची आई आणि ज्याच्यासाठी पडली तो मुलगा.

एडवर्ड रोजनिशी लिहायचा, त्यात हा दिवस आहे. तो लिहितो की ती एकाच छत्राखाली माझ्या डाव्या हाताला जेवायला बसली. तिचे वाढपी वेगळे, माझे वेगळे. भांड्यांच्या दोन मांडण्या होत्या, एक सोन्याची, चार फळ्यांची, एक भरीव चांदीची, सहा फळ्यांची. ते त्यानं मोजलंय. दोनच महिन्यांनी, २२ जानेवारीला, टॉवर हिलवर सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान मामाचं डोकं उडवलं, हेही त्यानं त्याच वहीत एका ओळीत लिहिलंय, त्याच हातानं.

पण त्या दिवशी जेवण झालं, तिनं थोडं संगीत ऐकलं, मग तो तिला दिवाणखान्यापर्यंत पोचवायला गेला आणि ती निघाली, उत्तरेच्या रस्त्यानं, ज्या मुलीला ती पुन्हा कधी बघणार नव्हती तिच्या राज्याकडे.